मरीमायचा गाडा पूर्वेला वळला

माझा भाचा चीनमध्ये डॉक्टरकी शिकतो. मागच्या वर्षी त्यानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. समुद्राच्या काठावर लोकांनी लाकडाचं आणि कागदाचं मोठं जहाज बांधलं होतं. त्यात रोगराईचा देव बसवला होता. देवाला वाटेत कमी पडू नये म्हणून तांदूळ, मीठ, तेल, भांडीकुंडी, सगळं आत भरलेलं. बाया-माणसं हातात उदबत्त्या धरून वाकत होती. एक उघडाबंब माणूस खिळ्यांचा गोळा स्वतःच्या पाठीवर मारून घेत होता, रक्त पार कमरेपर्यंत उतरलं होतं. त्याच्या अंगात आलं होतं, हे मला त्यांची भाषा येत नसूनही कळलं. मग त्यांनी ते जहाज पेटवून दिलं. खाली भाच्यानं लिहिलं होतं, "आत्या, हे पाह्य. याईच्याकडंबी गाडा असते."

मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि फोन गादीवर आपटला. राग भाच्याचा नव्हता, चिन्यांचाही नव्हता. त्यांच्यापुढे समुद्र होता, एवढंच. रोग देवासकट जाळला, राख पाण्यात गेली आणि माणसं घरी जेवायला गेली. आमच्या वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? आमच्याकडे गाव संपलं की पुढं दुसरं गाव सुरू होतं. आणि त्या दुसऱ्या गावात मला दिलेली होती.

माझं माहेर आणि सासर, दोन्ही गावं बाळापूरच्या बाजाराची. मध्ये एक नाला. नाल्याच्या पश्चिमेला माहेर, पूर्वेला सासर. पावसाळा सोडला तर पायी अर्ध्या तासाची वाट. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तोच कापूस, तीच तूर, आणि माणसंही तशीच, पटकन तापणारी. त्यातही मी जरा जास्तच. लहानपणी आई म्हणायची, या पोरीच्या नाकावर पापड भाजून घ्यावा.

माहेरच्या वेशीवर मरीमायचं ठाणं आहे. शेंदूर फासलेला दगड, डोक्यावर पत्रा, बाजूला कडुलिंब. एरवी तिकडे कोणी फिरकत नाही. गावात रोग आला की मात्र सगळ्यांना माय आठवते. मग तिचा गाडा निघतो. गाडा म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीची लाकडी गाडी. त्यात लिंबाच्या लाकडाची मूर्ती बसवायची, हिरवं लुगडं नेसवायचं, बांगड्या, हळदकुंकू, दहीभात ठेवायचा आणि भर दुपारी गाडा ओढत नेऊन शिवेपलीकडे सोडून यायचा. येताना मागं वळून पाहायचं नाही. रोग मायसोबत जातो.

यात दोन गोष्टी चुकवायच्या नसतात. पहिली म्हणजे, मायला हाकलायचं नसतं, पाठवायचं असतं. ती गावची लेक आहे, सासरी निघाली आहे, असंच सगळं करायचं. म्हणून तिची ओटी भरायला माहेरी आलेली लेकच लागते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. दुसरी गोष्ट, गाड्यामागं एक जिवंत जनावर न्यायचं. माणसाचा रोग असला तर कोंबडी चालते. गुराढोरांचा असला तर आजारी ढोरच न्यावं लागतं. गाडा आणि ढोर दोन्ही पलीकडे सोडायचं.

आमच्या गाड्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेला नदीवर जायची. नदीच्या पल्याड नुसतं बाभूळबन, वस्ती कोणाचीच नाही. म्हणून कधी कोणाशी तंटा झाला नाही. इतर गावांचे गाड्यावरून मुडदे पडल्याच्या गोष्टी आम्ही ऐकायचो आणि म्हणायचो, लोक बाप्पा किती अडाणी.

मग लम्पीचं साल आलं. जनावरांच्या अंगावर लिंबाएवढ्या गाठी उठायच्या, त्या फुटायच्या, पाय सुजून खांबासारखे व्हायचे. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, आणि जखमांवर माश्यांचे थर. बैलबाजार बंद झाला. पोळ्याला तोरण नाही बांधलं, घरच्या घरी बैलाला पोळी चारली आणि आत बांधला. जनावरांचे डॉक्टर दारोदार फिरून सुया टोचत होते आणि घसा फोडून सांगत होते की आजारी ढोर गावाबाहेर काढू नका, माश्या-गोचिडांनी रोग पसरते. म्हाताऱ्या बाया डॉक्टरांसमोर मान हलवायच्या आणि ते फटफटीवर बसले की म्हणायच्या, "सुई-बिई काई नाई. हे मायचे फोड हायेत."

माझ्या भावाच्या दोन गाई आठ दिवसांत गेल्या. एक कालवड उरली होती, तीही अंगभर गाठींनी भरली होती. त्याच आठवड्यात महालक्ष्म्या होत्या आणि मला माहेरी जेवायला जायचं होतं.

नवरा म्हणाला, "जाऊ नको. तिकडं रोग हाय. पायाले लावून आणशीन."

मी म्हटलं, "मी काय म्हैस हावो?"

"म्हैस बरी. दूध तरी देते."

मी पिशवी उचलली आणि दाणकन दार लावून निघाले. आमचं लग्न असंच वीस वर्षं टिकलं होतं. मी बोलले की तो बोलायचा, तो बोलला की मी. दोघंही मागं हटायचो नाही. शेजारीण म्हणायची, तुमचं भांडण ऐकू नाही आलं की मला वाटतं कोणी आजारी आहे. त्या भांडणात मला किती सुख होतं ते मी तेव्हा कोणाला सांगितलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं. तो माझ्याशी बरोबरीनं भांडायचा. आमच्याकडच्या किती बायांच्या वाट्याला हे येतं?

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचं आणि नवऱ्याचं मेव्हण्या-मेव्हण्याचं नातं नावापुरतं, खरी दोस्तीच. पेरणीत हा त्याच्याकडे, तो याच्याकडे. एकाच ताटात जेवायचे आणि एकमेकांच्या गावाला शिव्या द्यायचे.

महालक्ष्म्या उठल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडा निघायचं ठरलं. ओटी भरायला लेक पाहिजे होती. त्या वर्षी रोगामुळे दुसरी कोणी आली नव्हती, मी एकटीच. भाऊ म्हणाला, "ताई, तूच भर." माझा अंगात येणं वगैरेवर फारसा विश्वास नव्हता, पण भावाच्या गोठ्यातले दोन रिकामे खुंटे मी पाहिले होते. नदीपर्यंत जाऊन दगडधोंड्यात एक गाडी सोडून यायची, त्यात कोणाचं काय जातं, असा मी विचार केला.

भर बाराला ठाण्यापुढं गाव जमलं. बौद्धपुऱ्यातल्या लोकांनी आपल्या बापजाद्यांच्या काळापासूनच सांगून टाकलं होतं की आमी डफडं वाजवणार नाही, आणि बरोबरच होतं त्यांचं. म्हणून पोट्ट्यांनी स्टीलच्या ताटल्या बडवल्या. भगत एरवी शेतातल्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, तेलकट हातांचा, गरीब स्वभावाचा. त्याच्या अंगात आलं की तो वेगळाच दिसायचा. त्यानं कोंबड्याची मान एका झटक्यात पिरगाळून तोडली आणि रक्त चाकांवर शिंपडलं. मग आसूड घेतला आणि स्वतःच्या पाठीवर ओढायला लागला. प्रत्येक फटक्याला कातडीचा एक पट्टा लाल व्हायचा. बाया "माय वं, माय वं" करत होत्या. मी पुढं झाले, मूर्तीची ओटी भरली, हातात बांगड्या चढवल्या आणि म्हटलं, "जाय बाई, सुखानं जाय."

मग कालवडीच्या कपाळावर कुंकू लावलं. तिचा एक डोळा गाठीनं बंद झाला होता. तिनं माझा हात चाटला.

गाडा दक्षिणेला निघाला. भाऊ दोर ओढत होता, दोघं कालवडीला मागून रेटत होते. पण नदीच्या वाटेवर आदल्या वर्षीच चौपदरी रस्ता झाला होता. हे सगळ्यांना माहीत होतं, रोज त्यावरून जात होते, पण गाड्याची वाट त्यानं तोडली हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कडेला छातीएवढं लोखंडी कुंपण, मध्ये भिंत, दोन्हीकडून ट्रक सुसाट. खालून एक बोगदा होता, त्यात कमरेएवढं पाणी तुंबलेलं. गाडा कुंपणाला जाऊन थांबला. म्हातारे वाद घालायला लागले. एक म्हणाला कुंपणावरून उचलून टाकू. दुसरा म्हणाला, मायले का भंगारासारखं फेकतं? परत नेणं तर शक्यच नव्हतं. निघालेला गाडा मागं फिरला तर गावात एक ढोर शिल्लक राहत नाही, असं मानतात.

तेवढ्यात भगत गिरकी घेऊन घुमला, आसूड हवेत फिरवला आणि पूर्वेकडे हात केला. सगळी गर्दी तिकडे वळली.

"अरे, तिकडं माह्यं गाव हाय!" मी ओरडले.

एक म्हातारा म्हणाला, "मंग बरंच हाय ना. लेकीच्या घरी माय सुखानं राहीन."

मी भावाची कॉलर धरली. "सोड तो दोर. त्या ढोरानं रोग जाईन तिकडं. डॉक्टरनं सांगतलं ना?"

"ताई, मले सांग, कुठी नेऊ मंग? माह्या दोन गेल्या. अजून काय न्यायचं हाय मायनं?"

मी त्याच्या कानाखाली काढली. चार लोकांसमोर, मोठ्या पोराच्या बापाला. त्यानं गाल चोळला नाही की माझ्याकडे पाहिलं नाही. दोर खांद्यावर घेतला आणि ओढायला लागला. मला बायांनी बाजूला ढकललं. तेव्हा मी कंबरेचा फोन काढला आणि नवऱ्याला लावला. त्याला म्हटलं, गाडा तिकडं येतोय, सोबत आजारी कालवड आहे, तुम्ही कोणाला तरी घेऊन नाल्यावर या आणि समजावून सांगा.

त्यानं फक्त एक विचारलं. "किती जण हायेत?"

मी सांगितलं, पन्नास-साठ.

ओटी भरली ही माझी पहिली चूक, आणि हा आकडा सांगितला ही दुसरी. गाडा येतोय म्हटल्यावर आमच्याकडे समजावायला कोणी येत नाही, हे मला कळायला हवं होतं. आम्ही नाल्यावर पोचलो तेव्हा पलीकडच्या काठावर माझं अख्खं सासर उभं होतं. हातात काठ्या, बैलगाडीच्या कडेचे खुंट म्हणजे उभाऱ्या, एकाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा. सगळ्यांच्या पुढं माझा नवरा होता. त्याच्या हातात तुतारी होती, म्हणजे बैल हाकायची काठी, टोकाला लोखंडी आर लावलेली.

पहिला दगड कोणी मारला ते मी पाहिलं नाही. दुसरा माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या माणसाच्या तोंडावर बसला. तो दात थुंकत खाली बसला. त्यानंतर दोन्हीकडून पाऊसच सुरू झाला. आमच्याकडचे पोट्टे ताटल्या डोक्यावर धरून पाण्यात उतरले, तिकडचेही उतरले. गुडघाभर गढूळ पाण्यात दोन गावं एकमेकांवर तुटून पडली. लाकूड हाडावर बसलं की एक बारीक आवाज होतो, तो मी त्या दिवशी इतका ऐकला की अजून कोणी बाभळीची फांदी तोडली तरी मी कान झाकते.

आणि मध्ये ती कालवड. इकडचे तिला काठ्या मारून पुढं ढकलत होते, तिकडचे काठ्या मारून मागं. गाईला हात जोडणारी माणसं दोन्हीकडून तिच्या फुटलेल्या गाठींवर मारत होती. ती दोन पावलं पुढं जायची, दोन मागं. मग तिचे पुढचे पाय दुमडले आणि ती पाण्यात बसली. तिचं तोंड पाण्याखाली गेलं. ते वर काढायला कोणालाच सवड नव्हती.

नवरा सरळ दोरापाशी आला. भाऊ दोर सोडेना. नवऱ्यानं तुतारी खुपसली, भावाच्या दंडात, आर पूर्ण आत. भाऊ किंचाळला आणि त्यानं पाण्यात पडलेली एक उभारी दोन्ही हातांनी उचलली. मी काठावरून पाहत होते. उभारी माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर होती आणि नवरा आर ओढून काढून दुसऱ्यांदा पोटात खुपसायच्या बेतात होता. दोघांचे चेहरे मला अनोळखी वाटले. आता यातला एक मरेल आणि दुसरा तुरुंगात जाईल, आणि मला एकही घर राहणार नाही, एवढं मला लख्ख दिसलं.

भगत माझ्या बाजूलाच होता. त्याचं घुमणं केव्हाच थांबलं होतं, तो घाबरून एका झुडपाला धरून उभा होता. मी त्याच्या हातातला आसूड ओढून घेतला. केसांची पिन उपसून फेकली. आणि ओरडले. तसा आवाज मी त्याआधी कधी काढला नव्हता आणि नंतरही मला जमला नाही.

"कोण हाकलून राह्यलं मले?"

मी पाण्यात उतरले आणि समोर येईल त्याला आसूड मारत सुटले. पहिला फटका भावाला, मानेवर. दुसरा नवऱ्याला, तो गालापासून हनुवटीपर्यंत उलला. उभारी पाण्यात पडली. तुतारी पडली. मी थांबले नाही. माहेरचे म्हातारे, सासरचे चुलत दीर, कालवडीला मारणारे दोन्हीकडचे हात, सगळ्यांना हाणलं. "इकडचे म्हणतेत जाय. तिकडचे म्हणतेत येऊ नको. मंग मी जाऊ कुठी? सांगा ना! ओटी भरता, बांगड्या घालता अन् काठीनं ढकलता?"

हे बोलणं कोणाचं होतं, मायचं की माझं, असं मला पुढं अनेकांनी विचारलं. माझंच होतं. मी पूर्ण शुद्धीवर होते. मला आसुडाची मूठ टोचत होती, पायात चप्पल एकच राहिली होती, हेही कळत होतं. पण खोटं कशाला बोलू, मारताना मला बरं वाटत होतं. वीस वर्षांत नव्हे, जन्मात पहिल्यांदा मी मनसोक्त मारत होते, आणि ज्याला मारीन तो पाया पडत होता. पाहता पाहता दोन्ही गावं पाण्यात हात जोडून उभी राहिली. फुटलेल्या डोक्यांतून रक्त वाहत होतं आणि लोक "माफ कर माय" म्हणत होते.

मग लेकीच्या घरी माय सुखानं राहील म्हणणारा तो माहेरचा म्हातारा पुढं आला. त्यानं विचारलं, "माय, तुले कुठी जायचं हाय? तू सांगशीन तिथी नेऊ."

याचं उत्तर मी ठरवलं नव्हतं. नदीवर म्हणावं तर रस्ता. अजून पूर्वेला म्हणावं तर तिसरं गाव, तिथंही काठ्या आणि तिथंही कोणाच्या तरी लेकी दिलेल्या. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी छातीवर हात मारला आणि म्हटलं, "या बाईच्या दारात. तिथून मी हलणार नाई. जो हलवीन त्याचा निर्वंश करीन."

आणि भोवळ आल्यासारखी पडले. पडणं तेवढं नाटक नव्हतं.

कालवड नाल्यातच मेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खड्डा करून, चुना टाकून तिला पुरायला लावलं. पोलीसही आले. एकाचा हात मोडला होता, दोघांच्या डोक्याला टाके होते, भावाच्या दंडातून आर आरपार गेली होती. दोन्ही गावांनी एका तोंडानं सांगितलं की काही झालं नाही, मायनं मिटवलं. भाऊ आठ दिवसांनी दंड बांधून आमच्याकडे आला आणि नवऱ्याच्या गळ्यात पडून रडला. मी चुलीपाशी बसून ते ऐकलं आणि मलाही रडू आलं. दोघं जिवंत होते. मला वाटलं, जिंकले.

गाडा माझ्या अंगणात आला. त्यावर पत्रा घातला गेला. मंगळवारी बाया येऊन माझ्यासमोर नारळ ठेवू लागल्या. शेजारीण दारातून आत येताना आधी उंबऱ्याला हात लावू लागली. हे सगळं मी सहन केलं असतं.

पण नवऱ्यानं गालाच्या जखमेला औषध लावू दिलं नाही. गाड्यातला अंगारा लावत राहिला, पू झाला तरी. त्यानं आपली खाट ओसरीवर नेली. मला वाटलं, चार दिवसांचं सोवळं असेल. मग एक दिवस त्यानं मला विचारलं, "तुमी जेवल्या काय?"

मी मागं वळून पाहिलं, माझ्यामागे कोण आलं म्हणून. मागं कोणी नव्हतं.

"कोणाले तुमी म्हणता जी?" मी म्हटलं. मी मुद्दाम भांडण काढलं. म्हटलं, तुमच्या तुतारीनं माझ्या भावाचा हात जन्माचा अधू झाला, तुम्ही माणूस आहात की सैतान? वीस वर्षांतला नवरा असता तर त्यानं माझ्या भावाच्या सात पिढ्या काढल्या असत्या. हा म्हणाला, "चुकलं." आणि ओसरीवर गेला. भांडायला निघालेल्या माणसाला समोरून "चुकलं" ऐकू येणं याच्याइतकं वाईट काही नसतं.

मग आमचा एक बैल आजारी पडला. त्याच्या अंगावर गाठी उठल्या. कालवडीवरच्या माश्या आमच्याच माणसांच्या कपड्यांवर बसून आल्या असतील, का आधीच रोग आत होता, मला माहीत नाही. डॉक्टरांनी सुया दिल्या, मी हळद आणि लिंबाचा पाला लावला, माश्या हाकत बसले. अकराव्या दिवशी बैल पडला. मी नवऱ्याकडे पाहत होते. आता तरी हा ओरडेल, माझ्या माहेराला शिव्या देईल, मला म्हणेल की तुझ्या पायानं रोग आणला. त्यानं बैलाच्या तोंडावर धोतर पांघरलं आणि गाड्यापुढं जाऊन नाक घासलं.

त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. समोर बसवून, शब्द फोडून फोडून. "माह्या अंगात काई आलं नोतं. म्या ढोंग केलं. तुमी दोघं मरून राह्यले होते म्हणून केलं. तो आसूड म्याच मारला, म्याच, तुमच्या बायकोनं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पोचलं त्याच्यापर्यंत. तो हात जोडून म्हणाला, "माह्याच मनात आलं होतं तसं, की हे ढोंग असंन. एकदाच आलं होतं, माय. म्हणूनच बैल नेला ना तुमी?"

माझ्या नवऱ्यानं मला माय म्हटलं. मी उठून मोरीत गेले आणि तोंडात पदर कोंबून ओरडले.

याला आता काही वर्षं झाली. भावाकडे जाणं-येणं आहे. जनावरं पुन्हा आली. गावात मला मान आहे, तंटा झाला की मिटवायला बोलावतात आणि मी गेले की आवाज बंद होतात. लोक म्हणतात, बाईचं भाग्य. भाच्यानं तो व्हिडिओ पाठवला त्या दुपारी मी फोन गादीवर आपटून स्वयंपाकघरात गेले. नवरा ताटावर बसला होता. भाकर करपली होती, नुसता कोळसा. तो मुकाट्यानं खात होता.

"करपली हाय," मी म्हटलं.

"गोड हाय," तो म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याच्या पुढ्यातलं ताट पायानं उडवलं. वरण भिंतीवर गेलं. "बोला ना! शिवी द्या! भांडा माह्याशी!" मी ओरडत होते. बाजूला फुंकणी होती, लोखंडी, ती मी उचलली आणि त्याच्या खांद्यावर मारली. जोरात मारली, हाडावर बसल्याचा आवाज आला.

त्यानं डोळे मिटले. हात जोडले. आणि दुसरा खांदा पुढं केला.